पांढुर्ण्यात चेहऱ्याची साल निघते तेव्हा

गोष्टी जमा करायला कोणी बसत नाही. घरात जुन्या पिशव्या जमा होतात नं, तशा त्या आपोआप होतात. एका पिशवीत दुसरी, दुसरीत तिसरी, अन् एक ओढायला गेलं की पूरा गठ्ठा अंगावर! चामडीच्या दवाखान्याच्या दारावर जो माणूस स्टूल टाकून बसला, त्याच्याजवळ तर असा गठ्ठा व्हायचाच.

तो माणूस मी. पांढुर्ण्याला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या मॅडमचा दवाखाना आहे. लोक मला काकाजी म्हणतात. काम सोपं. आतला बाहेर आला की बाहेरचा आत पाठवायचा, घाबरला असेल त्याला पाणी द्यायचं. याच्याआधी उभा जन्म सौंसरला संत्र्याच्या मालावर गेला. संत्रं उचलायचं, हातात फिरवायचं, डाग पाहायचा, त्या-त्या ढिगात टाकायचं. शाळा पाहिली नाही, पण कातडी पाहायची सवय होती. फरक एवढाच, की संत्रं बोलत नाही अन् माणूस गप्प बसत नाही!

मॅडम सौंसरच्याच. शिकल्या नागपूरला, मिस्टर नागपूरला, सासर नागपूरला. तरी दिवाळी झाली अन् त्यांनी दवाखाना टाकला पांढुर्ण्यात. गजकर्ण, खरूज, केस गळणं हे काय, कोणीही डॉक्टर पाहते. मॅडमचं खास शिक्षण होतं केमिकल पीलचं. मतलब चेहऱ्यावर एक औषध लावायचं, मग काही दिवसांत वरची काळवंडलेली कातडी हळूहळू सुटून जाते अन् खालची ताजी वर येते. वांग, मुरुमांचे डाग, उन्हाचा काळेपणा, याच्यासाठी. हे काम थंडीत बरं, ऊन कमी असते म्हणून.

पण मिस्टरांशी त्यांचं एक ठरलं होतं. मी ऐकायला गेलो नव्हतो, ऐकू आलं. मॅडम फोनवर सांगत होत्या, "होळीपर्यंत पाहते. तोपर्यंत लोकांचा विश्वास बसला तर इथंच राहीन. नाही बसला तर बोर्ड काढून नागपूरला येते. त्या मोठ्या हॉस्पिटलच्या नोकरीला तेव्हाच हो म्हणू."

झालं! त्या दिवसापासून दारातून आत कोण गेलं याच्यापेक्षा दारापर्यंत येऊन परत कोण गेलं, हेच मी पाहू लागलो.

अन् परत जाणारे लय होते. कारण रस्त्याच्या त्या बाजूला शालूताईचं ब्यूटी पार्लर. शालूताईचा हात हलका, जीभ गोड, गिऱ्हाईक गच्च. पूर्ण पांढुर्ण्याच्या नवऱ्या तिच्याच हातून सजून निघतात. तिनं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "ते मॅडम चेहऱ्याले बॅटरीचं पाणी लावते, माय! ट्रॅक्टरच्या बॅटरीत असते नं, तेच!"

बॅटरीचं पाणी पँटवर उडालं तर पँटचं काय होते, हे आमच्या इकडे लेकरालाही माहीत आहे. चेहरा कोण पुढे करणार?

*

पहिलं पील झालं सौंसरच्या लीलाबाईचं. त्यांच्या दोन्ही गालांवर वांग होता. सोबत नवरा बाबारावजी, संत्र्याचा बगीचावाला. धिप्पाड माणूस, मिशा अशा की बगीच्यात वानर शिरायला दहा वेळा विचार करेल.

मॅडमनं आधीच सगळं समजावलं होतं. पहिल्या दिवशी नुसतं तपासलं, कानामागे थोडंसं औषध लावून पाहिलं, एक क्रीम दिली अन् घरी पाठवलं. दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा चेहरा पुसून घेतला, ओठांच्या कोपऱ्यांना व्हॅसलीन लावलं, डोळ्यांवर ओल्या कापसाच्या पट्ट्या ठेवल्या अन् हातात एक छोटा बॅटरीचा पंखा दिला.

"चुरचुरेल," मॅडम म्हणाल्या, "मिरची कापलेला हात चुकून गालाला लागला तर होते नं, तेवढं. दोन-चार मिनिटं. मग मी पाण्यानं पुसून घेईन, थंड वाटेल. जास्त झालं तर हात वर करा, मी लगेच थांबते."

बाबारावजी म्हणे, मी बाहेर बसणार नाही, मी इथंच उभा राहतो. राहू दिलं.

मॅडमनं ब्रश फिरवला. मी दाराबाहेर. अन् आतून आवाज आला, "अरे बापरे! अरे देवा! बस करा, मॅडम, बस करा! लाल होऊन राहिलं!"

बाहेर बसलेल्या दोन बाया उठून चपला शोधू लागल्या. मी पाण्याचा ग्लास घेऊन आत पळालो. पाहतो तर लीलाबाई डोळ्यांवर पट्ट्या, हातात पंखा, शांत पडलेल्या. अन् बाबारावजी भिंतीला धरून, घामानं चिंब!

पट्ट्यांच्या खालूनच लीलाबाई बोलल्या, "अहो, चुरचुरून मले राहिलं. तुम्ही कायले बोंबलून राहिले?"

पाणी मी बाबारावजीला पाजलं.

*

मॅडम प्रत्येकाला एक प्रश्न विचारतात, "चेहऱ्याला काय काय लावता?" त्याचं खरं उत्तर आजपर्यंत कोणी एका झटक्यात दिलं नाही. आधी म्हणतात, "काही नाही." मग म्हणतात, "कधी-कधी हळद." मग बेसन निघते, मग लिंबू, मग दात घासायची पेस्ट!

आमच्या भागात तर वाळलेली संत्र्याची साल कुटून, दुधात कालवून लावायची रीत घरोघरी. एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. मॅडमनं पीलच्या आदल्या आठवड्यात काहीच घासायचं नाही असं बजावून ठेवलं होतं.

"काही लावलं तर नाही नं?"

"छे! काहीच नाही," सून म्हणाली.

मॅडम उठल्या, दार उघडलं अन् मला विचारलं, "काकाजी, तुम्हाला कशाचा वास येऊन राहिला?"

मी म्हटलं, "मॅडम, मी तर समजलो संत्र्याची गाडी खाली होऊन राहिली!"

त्या दिवशी पील झालं नाही. सून लाजली अन् सासूबाई तिच्यावर भडकल्या, "म्या सांगितलं होतं तुले, की दुधात कमी टाक म्हणून!"

*

तिगावच्या एका घरची गोष्ट याच्याहून वेगळी. त्या सुनेनं सगळं सांगितल्यासारखं पाळलं. पील झालं. दोन दिवस चेहरा ताणल्यासारखा, तिसऱ्या दिवसापासून कातडी सुटू लागली. तोंडाभोवती आधी, मग गाल, मग हनुवटी. मॅडमचं सक्त सांगणं होतं, "ओढायची नाही. खाजवायची नाही. आपल्या हातानं काढली की खाली काळा डाग पडते. तिची ती गळू द्यायची."

सून बिचारी हात मांडीखाली दाबून बसे. पण एक दिवस दवाखान्यात कोण आलं? तिची सासू. एकटी. तिगावहून गाडीत बसून.

"काय झालं, बाई? सूनबाईला त्रास होऊन राहिला काय?" मॅडमनं विचारलं.

"तिले काय होते! ते तर मजेत आहे. त्रास मले होऊन राहिला."

"तुम्हाला?"

"तिच्या हनुवटीवर एक साल लोंबून राहिली, मॅडम. एवढीशी. स्वयंपाक करते तर हलते, बोलते तर हलते. माह्या हाताले चैन नाही! काल जेवता-जेवता माहा हात तिथपर्यंत गेला होता, तिनं मागं घेतलं तोंड. माह्या पोरानं मले वेगळं ताट वाढलं!"

मॅडम हसू दाबून राहिल्या होत्या. "मग मी काय करू, बाई?"

"मले काही गोळी असंल तर द्या. ते साल पडेपर्यंत."

*

आता शालूताईची गोष्ट. खरं म्हणजे हिची गोष्ट सांगायची मला तेव्हा मनाई होती. आता नाही, ते पुढे कळेल.

एका दुपारी एक बाई आली. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल. यात नवल नाही, आमच्या इकडे स्कूटीवरच्या सगळ्याच पोरी अशा बांधून फिरतात. नाव विचारलं तर म्हणे मंगला, गाव तिगाव. पण जी चाल मी दिवसभर रस्त्यापलीकडे पाहतो, ती स्कार्फानं झाकते थोडीच! स्टेशनकडून वळसा घालून आली होती, तिगावच्या गाडीतून उतरल्यासारखी.

मी आत पाणी घेऊन गेलो तेव्हा स्कार्फ सुटलेला होता. मी नजर खाली केली, पण दिसायचं ते दिसलं. पूरा चेहरा लालभडक, बारीक-बारीक शिरा वर आलेल्या, मुरुमं.

"कोणती क्रीम लावता?" मॅडमनं विचारलं.

तिनं पर्समधून एक डबी काढली. डबीवर ना नाव, ना गाव. "गोरं व्हाची आहे. एक माणूस बाहेरून आणून देते."

"किती दिवसांपासून?"

"पार्लर उघड... मतलब, लय दिवसापासून."

मॅडमनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. हळू समजावलं, "यात असं औषध असते की पहिले चेहरा उजळते, मग कातडी पातळ करून टाकते. आज पील नाही. अशा कातडीवर पील केलं तर मीच गुन्हेगार. आधी ही डबी बंद. बंद केली की चेहरा अजून भडकेल, महिना-दोन महिने. घाबरून परत लावायची नाही. मी औषध देते. कातडी शांत झाली, की मग हलकंसं पील."

ती बाई रडायला आली होती. रडता-रडता तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही ते... बॅटरीचं पाणी तर नाही नं लावत?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

तिनं गॉगल चढवला. मग म्हणाली, "ते समोरची एक पार्लरवाली आहे नं. लय फालतू बाई आहे!"

ती गेल्यावर मी मॅडमना म्हटलं, "मॅडम, अहो ही तर..."

"काकाजी," मॅडम म्हणाल्या, "आत आलेला माणूस कोण, हे आपण बाहेर सांगत नसतो."

"पण तेच तर बाहेर तुमच्या नावानं..."

"तरी नाही."

दुसऱ्या दिवशी मी स्टूलवर बसलो होतो. रस्त्यापलीकडे शालूताई नाकापर्यंत स्कार्फ बांधून पार्लरच्या दारात उभी. गिऱ्हाईकानं विचारलं, "आतमधी कायले स्कार्फ, ताई?" तर म्हणे, धुळीची ॲलर्जी झाली. अन् तिथूनच मोठ्यानं, "त्या मॅडमकडे जाऊन नका राहू, माय! बॅटरीचं पाणी!"

तिचंही बरोबर होतं म्हणा. चेहऱ्यावर तिची रोजी. पार्लरवालीचाच चेहरा असा, हे कळलं तर तिच्याकडे कोण बसणार? पण तिची अब्रू झाकून ठेवायची म्हणून इकडे मॅडमची उघडी पडून राहिली होती. मी तोंड उघडलं असतं तर एका दिवसात निकाल होता. मी पाणी प्यायलो अन् पुढचा नंबर आत पाठवला.

*

सौंसरकडचे नामदेवराव. कपाशीवाले शेतकरी. कपाळ अन् गालफडं उन्हानं पार काळी पडलेली. लेकीनं जबरदस्तीनं आणलं. पील झालं, चेहरा पाण्यानं पुसला, क्रीम लावली. मॅडमनं बजावलं, "आता उन्हात उघडं फिरायचं नाही. क्रीम लावायची, वरून टोपी नाही तर छत्री."

टोपी त्यांना आवडेना, डोकं खाजते म्हणे. तर बायकोची छत्री घेतली. निळी, पांढऱ्या फुलांची. डिसेंबरचं निरभ्र आभाळ अन् हा माणूस छत्री उघडून बांधावरून चाललेला!

पहिल्यानं विचारलं, "काय गा नामदेवराव, पाणी येऊन राहिलं काय?"

दुसऱ्यानं विचारलं. तिसऱ्यानं विचारलं. चेहऱ्याला पील केलं हे सांगायची लाज वाटली त्यांना. चौथ्यानं विचारलं तेव्हा वैतागून म्हणाले, "हो! येऊन राहिलं! मोबाईलवर दाखवून राहिले!"

झालं! वेचलेला कापूस ज्याचा-त्याचा अंगणात पडलेला. भिजला तर काळा पडते. दिवस मावळायच्या आत पूर्ण गावानं कापूस उचलून घरात भरला. माणसांना झोपायला जागा राहिली नाही!

नामदेवरावांना तोंड लपवायला झालं. आता उद्या लोक मारतात, म्हणाले. अन् पहाटे काय व्हावं? खरंच आलं नं पाणी! आजूबाजूच्या गावांचा कापूस भिजला, यांचा कोरडा.

पुढच्या वेळी नामदेवराव आले तेव्हा कातडी निघून चेहरा चांगला साफ झाला होता. मॅडम खूश. "छान आहे. आता क्रीम चालू ठेवा, पण थोडं-फार उन्हात निघाले तरी चालते. छत्री बंद केली तरी हरकत नाही."

नामदेवराव खाली मान घालून म्हणाले, "मी तर करतो हो, मॅडम. पण गाव करू देत नाही!"

*

एक गुरुजी होते. यांच्या शाळेत आता मोबाईलला तोंड दाखवून हजेरी लागते. पील झालं, मॅडमनं उन्हाची क्रीम दिली. बोटावर दोन रेघा, एवढी लावायची. गुरुजींनी विचार केला, दोन रेघांनी एवढा फायदा तर अर्ध्या ट्यूबनं किती! चुना मारल्यासारखी लावून शाळेत गेले.

पोरं म्हणाली, "गुरुजी, पोळा कालच झाला काय? बैलासारखे रंगून आले!"

गुरुजींनी मोबाईल समोर धरला. मोबाईल म्हणे चेहरा जुळत नाही. डावीकडून धरला, उजवीकडून धरला. नाही! हेडमास्तर आले. गुरुजी म्हणाले, "सर, तुम्ही तर मले ओळखता नं? एका ताटात जेवलो आपण!"

हेडमास्तर म्हणाले, "मी ओळखून काय फायदा, गुरुजी? पगार तर मोबाईलनं ओळखलं तरच निघते!"

*

गजानन नावाचा एक इलेक्ट्रिकच्या दुकानवाला. याच्या गालावर मुरुमांचे जुने खड्डे. दोन-तीन पील झाली, फरक पडला. मॅडमनं आधीच सांगितलं होतं, की एका वेळी सगळं जात नाही, थोडं-थोडं जाते अन् खोल खड्डे पूर्ण भरत नाहीत. तो समजूतदार होता.

एक दिवस मॅडमचं लक्ष त्याच्या भुवईवरच्या खुणेकडे गेलं. चांगली बोटभर खूण. "हीपण थोडी फिकी करता येईल," त्या म्हणाल्या.

गजानन ताडकन उठून बसला. डोळ्यांवरच्या पट्ट्या खाली पडल्या. "त्याले हात नका लावू, मॅडम! बाकी चेहरा तुमचा, हा डाग माहा!"

"काहून?"

"गोटमारीचा आहे!"

आता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा इकडून अन् सावरगाव तिकडून एकमेकांना गोटे मारतात, हे मॅडमना काय सांगायचं, त्या सौंसरच्याच. त्या हसल्या. "गोटमारीचा आहे म्हणून ठेवायचा?"

"तसं नाही, मॅडम. माही सासुरवाडी सावरगावची. लग्नात त्यांनी एक भांडं दिलं नाही. तिकडून आलेला हा एवढाच आहेर आहे!"

*

अशी माणसं येत होती, हसून जात होती. पण किती? एखादं सौंसरचं, एखादं तिगावचं, एखादा कोणाच्या ओळखीचा. पांढुर्ण्याच्या बाया दाराशी येत, रस्त्यापलीकडे पाहत अन् "खाजेचं मलम द्या" म्हणून मलम घेऊन जात. फाल्गुन लागला. एक दिवस मॅडमनं भिंतीवरचे पीलच्या आधीचे-नंतरचे चेहऱ्यांचे फोटो उतरवले अन् खोक्यात ठेवले.

"काकाजी, होळीनंतर बहुतेक मी नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी इथंच कुठं सांगून ठेवते."

मी म्हटलं, "माहं सोडा, मॅडम."

शालूताईचं येणं चालू होतं. कधी मंगला, कधी सुनीता, एकदा तर नाव सांगायचंच विसरली. ती डबी तिनं खरंच बंद केली होती. चेहरा आधी भडकला, तिनं तोही स्कार्फाखाली सोसला. हळूहळू शांत झाला. अन् होळीच्या आठ-दहा दिवस आधी मॅडमनं तिचं पहिलं हलकं पील केलं. दोन-तीन दिवसांनी कातडी सुटू लागली असणार. असणार म्हणतो, कारण स्कार्फ काही सुटत नव्हता.

त्याच वेळी पार्लरमध्ये एक मायलेकी आल्या. लेकीचं नाव पूनम, लग्न मे महिन्यात. आत काय झालं हे मला पूनमच्या आईनं नंतर सांगितलं, एकदा नाही, भेटेल तेव्हा सांगते.

आई म्हणाली, "शालूताई, पोरीले गोरी करून दे. ते तुह्याजवळची डबी आहे नं, तिच्या मावसबहिणीले दिली होती, ते दे."

शालूताईनं कपाटातून डबी काढली. हातात घेतली. पूनमकडे पाहिलं. पोरीचा चेहरा सावळा, पण कसा नितळ! दोन-चार मुरुमं, बस. शालूताईनं डबी परत ठेवली.

"काय झालं व? दे नं!"

"नाही देत."

"काहून? पैसे देऊन राहिली मी, फुकट मागून नाही राहिली."

शालूताईनं स्कार्फ सोडला.

पूनमची आई किंचाळली. पूर्ण चेहऱ्यावर पापुद्रे! हनुवटीवर, नाकाच्या बाजूनं, गालांवर. बाकी गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. एक जण म्हणाली, "अव माय! हे त्या मॅडमनं केलं नं? लावलं नं बॅटरीचं पाणी!"

आरडाओरडा एवढा झाला की मला स्टूलवर ऐकू आला. बाया दारात, दारातून रस्त्यावर. चहावाला थांबला, ऑटोवाला थांबला. मी उभा राहिलो. मला दिसत होतं, शालूताईनं नुसती मान हलवली तरी संध्याकाळपर्यंत आमचा बोर्ड खाली आहे. होळीची वाटही पाहायची गरज नाही.

शालूताईनं पूनमचा हात धरला अन् रस्त्यात उतरली. उघड्या तोंडानं. भर दुपारचं ऊन, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"पाहून घ्या सगळे!" ती म्हणाली. आवाज तोच, रोजचा, पूर्ण रस्त्याला ऐकू जाणारा. "चेहरा मॅडमनं नाही बिघडवला. मॅडम तर निस्तरून राहिली, हे पापुद्रे त्याचेच. बिघडवला माह्याच डबीनं, जे मी तुम्हाले विकत होती. थंडीपासून मी मागच्या रस्त्यानं येऊन राहिली इथं, खोटं नाव सांगून. अन् बॅटरीचं पाणी-बिणी काही नसते. मीच बोलली होती, मीच सांगून राहिली!"

ऑटोवाल्यानं गाडी बंद केली.

एवढ्यात आमचं दार धाडकन उघडलं. मॅडम! हातातले मोजे तसेच. मला वाटलं, आता या रडतात, नाही तर गळ्यात पडतात. इतके महिने सोसलं या बाईनं.

मॅडम पायरीवरूनच ओरडल्या, "शालूताई! ताज्या पीलवर उन्हात उघडं तोंड? काही अक्कल? आधी स्कार्फ बांधा!"

शालूताई रस्त्यात उभ्या-उभ्या रडायलाही लागली अन् हसायलाही. "इतके महिने बांधला नं, मॅडम! आज हिंमत करून काढला, तर तुम्हीच बांध म्हणून राहिल्या!"

अख्खा रस्ता हसला.

मग सगळ्याच आत. शालूताई, पूनम, पूनमची आई, मागे पार्लरमधल्या चार बाया. माझं स्टूलसुद्धा एकीनं घेतलं. मॅडमनं पूनमचा चेहरा दिव्याखाली पाहिला, इकडून-तिकडून पाहिला.

पूनमची आई घाई करून राहिली होती, "आता आलोच आहो तर आजच लावून द्या, मॅडम!"

"आज नाही," मॅडम म्हणाल्या. "होळी तोंडावर आहे, पोरगी रंग खेळणार. ताज्या कातडीवर रंग गेला तर सगळं वाया. आज कानामागे नुसतं लावून पाहते, एक क्रीम देते. होळी होऊ दे, मग घेऊन या. मेपर्यंत हिचं सगळं छान बसवते मी. अन् गोरी-बिरी नाही हं, आहे त्याच रंगात साफ."

मी पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभा होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "होळीनंतर, मॅडम?"

मॅडमनं मान वर केली नाही. पूनमच्या कानामागे कापूस लावता-लावता म्हणाल्या, "काहून काकाजी? होळीनंतर तुम्ही कुठं जाऊन राहिले काय?"